फायटरवरचा फिटर

१२ जानेवारी
भेस्तानच्या बाजारात वांगी घेतली. भरिताची खानदेशी इकडे परराज्यात काही मिळत नाहीत, मिळाली ती घेतली. येताना सोसायटीचे प्रमुख भरतभाई आडवे आले. सव्वीसला झेंडावंदन तुमच्या हस्ते, म्हणाले. हवाई दलात कोण होतात? "फायटरवर फिटर." पंधरा वर्षं लढाऊ विमानांची इंजिनं सांभाळली, दुसरं काय सांगणार.

१७ जाने.
गेटवर बॅनर लागला. माझा फोटो, खाली 'फायटर पायलट हिंमतराव पाटील'. भ.भाईंनी फिटर गाळला आणि पायलट पदरचा घातला! वर म्हणतात, "दादा, तमे तो छूपा रुस्तम नीकळ्या!" सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात वॉचमनने सॅल्यूट ठोकला आणि मीही ठोकला. खोटं बोललो नाही, गप्प बसलो एवढंच. बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

२० जाने.
दिवसभर आमच्या पायलट साहेबांची आठवण. विमान त्यांचं, इंजिन माझं. लढाईत शत्रूची दोन पाडली त्यांनी. पुढे पदक, मोठा हुद्दा. शिडीवर चढून त्यांच्या सीटचे पट्टे आवळायचो. त्याआधी तपासणीचा कागद: पहिली सही माझी, मग त्यांची. माझी नसेल तर शिडीला हात लावत नसत. एकदा विमानाच्या शेपटीला भोकं पाडून घेऊन परतले. उतरल्यावर एवढंच, "हिंमत, इंजन ने साथ दिया।"
पदक मिळालं तेव्हा मी हँगरमध्ये होतो. वाईट वाटलं का? नाही. थोडं, असेल.

२३ जाने.
नात कोमल, सहावीत, इथल्या पोरांसारखी आजोबाला 'दादा' म्हणते; माझ्या जुन्या गोष्टी तिला पाठ. सव्वीसला माझ्यावर भाषण करणार. "दादा, दोन विमान तुम्हीच पाडले ना?" म्हटलं, आधी जेव.
मुलगा सुनील नुकताच कडोदऱ्याच्या कारखान्यातून आला होता, हात ग्रीसने काळे. वीस वर्षं कापडाच्या लूमवर फिटर आहे पोरगा. सगळं ऐकलं. साबण घेऊन मोरीत गेला. बराच वेळ हात धूत होता.

२५ जाने.
सकाळी चहाला सु. एकदम: "आबा, फिटर सांगाले लाज वाटस का तुमले?"
"नाही रे."
"मंग? मी बी फिटरच शे. कोमलनी शाळामा मी काय सांगू, बाप कोण शे?"
चहावर साय धरली. एवढ्या वर्षांत पोराने कधी उलट शब्द काढला नाही, आणि आज काढला तो खराच. शरम वाटली.

दुपारी कोमलने भाषणाचा कागद आणला. "दादा, साइन करी आपो ने." खाली स्वतःच रेघ मारून लिहिलंय, 'तपासलं'. हिला कोणी शिकवलं हे! न तपासता आयुष्यात कुठे सही केली नाही. म्हटलं, ठेव, उद्या देतो.

२६ जाने., सकाळी ६
भाषणातलं 'पायलट' खोडलं. वर लिहिलं: 'विमानं साहेबांनी पाडली. त्यांच्या इंजिनाचा फिटर माझे आजोबा. माझे पप्पाही फिटर आहेत.' खाली सही, जुनीच, पूर्ण नावाची.
कागद तिच्या दप्तरावर ठेवला. वाचायचं की नाही, तिचं ती ठरवेल. भ.भाईंना अजून सांगितलेलं नाही, बॅनर तसाच आहे. आठला झेंडा.

कोमल उठली. कागद हातात घेतला. सु. तिच्या मागे उभा राहून वाचतोय.