फक्त डोळे दिसतात

१२ जुलै

प्रिय ताई,

तुझ्या ठेंगूचा नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर बाबा शेजारी कान लावून बसलेले असतात, म्हणून हा उपद्व्याप. मी पुढच्या महिन्यात घरी राहायला आले की तू नव्या नोकरीवर रुजू होणार, हे पक्कं ना, असं त्यांनी परवा विचारलं. मी जेवणाचा विषय काढला.

बाकी मजेत. नॅनो तंत्रज्ञानाच्या या संस्थेत सुट्टीपुरते आलेले आम्ही विद्यार्थी म्हणजे लिंबूटिंबू. आधी नुसत्या काचा धुवायला लावल्या. (घरी कपबशी न विसळणारी मी!) आता काचेवर सोन्याचा थर चढवायला देतात, इतका पातळ की त्यातून पलीकडचं दिसतं. बाबा म्हणतील, सोनाराने फसवलं.

त्या खोलीत धुळीचा कणही चालत नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, टोपी, मास्क. माणसाचे फक्त डोळे दिसतात. मंगळवारी यंत्रापाशी कुणीतरी पाठमोरी उभी होती. ती वळली आणि हुबेहूब तुझे डोळे! माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, तू कधी आलीस?"

यंत्र सांभाळणाऱ्या बाई होत्या त्या. मास्कमधून त्यांना नीट ऐकू गेलं नाही, वाटलं, मी काच मागतेय. त्यांनी दुसरी काच हातात दिली आणि मला रडूच फुटलं. पण हातमोजा चेहऱ्याला लावायचा नाही, मास्क ओला करायचा नाही. रडायलासुद्धा बाहेर यावं लागतं. कपडे बदलायच्या खोलीत बसून मनसोक्त रडले. तुझी फार आठवण येते गं. आई गेल्यापासून माझी वेणी घालणारी तूच, आणि बाबांना एकटं टाकता येत नाही म्हणून हातची नोकरी सोडणारीही तूच.

तिथेच आमचं काम बघणाऱ्या मॅडमनी मला गाठलं. "अगं, काच फुटली म्हणून कुणी रडतं का?" (फुटली नव्हती गं!) " मी तुलाच शोधत होते. सुट्टी संपली तरी जाऊ नकोस. पुढचं संशोधन इथेच कर, चार-पाच वर्षं. जागा आहे."

'ताईला विचारून सांगते' असं मी म्हणाले, असं लिहिणार होते. पण मी तसं म्हणाले नाही. लगेच हो म्हणाले, ताई. डोळे पुसायच्याही आधी.

बाबांना अजून सांगू नकोस. आधी तू माझ्याशी कडाकडा भांड.

तुझी वाट अडवून बसलेली,
ठेंगू