अळीने खाल्लेलं पान

शनिवार, ता. ८

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, शाळेच्या प्रदर्शनात, तुझ्या मुलीच्या तांब्याच्या ताटलीवरचं पान माझ्या नखाला लागून निघालं. भट्टीत भाजलेला मीना म्हणजे काच. ती नखाला येत नाही. हा ऑइलपेंट होता, डबक्यावरच्या शेवाळासारखा हिरवा, आणि त्याचा वास शेजारी उभ्या असलेल्या तुझ्या शर्टालाही येत होता. चारचौघांत बोलले नाही, आणि तू दुपारच्या गाडीने नोकरीवर पळालास. म्हणून हे पत्र.

चिमीने आमच्या मागच्या खोलीत बसून ती ताटली केली. ह्यांनी तांबं घासायला शिकवलं; मीन्याची हिरवी पूड तिने स्वतः चाळणीने पेरली. भट्टीत पान एका कडेने काळं पडलं. हे म्हणाले, पुन्हा करू. ती म्हणाली, राहू द्या आजोबा, अळीने खाल्लंय. मग त्या काळ्या कडेवर तिने पिवळ्या मीन्याची इवलीशी अळी भाजली. तू त्या अळीवरून ब्रश फिरवलास.

बक्षीस मिळालं. घरी आल्यावर पोरीने विचारलं, “आजी, माझं पान इतकं घाण होतं?” तेव्हापासून तिने भट्टीच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही.

आशीर्वाद आहेत, पण आज कडू आहेत.
आई


बुधवार, ता. १२

ती. आईस सा. न.

तू रागावलीस की मी अजून दहा वर्षांचा होतो. मुलं हसतात गं. मागे तिच्या चित्राला हसली, तेव्हा ती दोन दिवस धड जेवली नव्हती. ते पुन्हा नको म्हणून झाकलं. अळी आहे हे कळलंच नाही, डाग वाटला. बाबांना जरा सांभाळून सांग.

लोभ रागातही असू दे.
बाबू


शनिवार, ता. १५

चि. बाबूस आशीर्वाद.

डाग वाटला म्हणे! तिला विचारलं असतंस तर एका वाक्यात कळलं असतं. हसणारी पोरं परवडली. ती निदान तोंडावर हसतात.

बाबांना सांगितलं. टर्पेंटाइन आणि चिंधी ताटलीशेजारी मांडून बसलेत, पण हात लावत नाहीत. ज्याने फासलं त्याने पुसावं, म्हणतात. तेव्हा रविवारी, २३ तारखेला, जुना शर्ट घालून ये.

त्याआधी, शुक्रवार ता. २१, संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं. मला नको, तुझी सारवासारव मला पुरली. पाकिटावर नाव चिमीचं घाल. तिने एवढंच विचारलंय: “बाबा, रंगाखाली माझी अळी अजून आहे का?”

आई