उजव्या मनगटावर घर

१२ ऑक्टोबर
परदेशात माणूस वेळेपायी गोंधळतो म्हणे. मी गोंधळणार नाही. दोन घड्याळं आणली आहेत. डाव्या हाताला इथली वेळ, उजव्या हाताला घरची. कंपनीने खोलीत माझ्याबरोबर एक ज्युनिअर दिलाय, तो सगळं मोबाईलला विचारतो. त्याचं नाव यंत्रोबा ठेवलं.

१३ ऑक्टोबर
ऑफिसात सर्वांच्या आधी हजर. इतक्या आधी, की दारच उघडलेलं नव्हतं. वॉचमन एकदा कुलपाकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. घाईत उजवा हात बघितला गेला. असो. पहिल्याच दिवशी छाप पडली.

१६ ऑक्टोबर
जेवण झाल्यावर हिला सहज फोन केला. ही झोपेतून दचकून उठली आणि म्हणाली, कोण गेलं? म्हटलं, कुणी नाही. मग जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.
यापुढे फोन करताना फक्त उजवा हात बघणे.

१९ ऑक्टोबर
मोठी बातमी. आमच्या चिमीने मुलगा पसंत केलाय. त्याचे आईवडील पुढच्या रविवारी संध्याकाळी पाचला घरी येणार, मी लॅपटॉपवरून हजर राहायचं. मुलाचे वडील वेळेचे फार पक्के आहेत म्हणे. चिमी म्हणाली, बाबा, तुम्ही दिसायलाच हवेत. पोरीने आजवर माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. ही म्हणाली, वेळेवर या म्हणजे मिळवलं. हे मला? दोन घड्याळं बांधणाऱ्याला?

२३ ऑक्टोबर
पाहुण्यांसमोर चार शब्द बोलावे लागतील. भाषण लिहून काढलं. विषय शिस्त. यंत्रोबा म्हणाला, काका, वेळ झाली की तिकडून चिमीताईलाच कॉल करू द्या ना. त्याला गप्प केलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार
घरमालकीण सांगून गेली, आज झोपण्यापूर्वी घड्याळं एक तास मागे करा. थंडी आली की इथे तसा सरकारी नियमच आहे. यंत्रोबा म्हणाला, मोबाईलचं आपोआप होतं. आमचं आपोआप काही होत नाही, आम्ही हाताने करतो. दोन्ही घड्याळं एक तास मागे घेतली. दुजाभाव नको.

२६ ऑक्टोबर, रविवार
सकाळपासून कोट-टाय. तालमीत व्यत्यय नको म्हणून मोबाईल बंद करून कपाटात ठेवला. उजव्या घड्याळात पाचच्या ठोक्याला लॅपटॉप लावला.
पलीकडे ही रिकामे कप गोळा करत होती. पाहुणे येऊन गेलेसुद्धा.

त्याच दिवशी, नंतर
यंत्रोबाने समजावलं, इथली घड्याळं मागे गेली, घरची कशाला जातील? मला ते माहीतच होतं, असं त्याला सांगितलं. माहीत नव्हतं.

२७ ऑक्टोबर
हिच्याकडून वृत्तांत कळला. माझ्यासाठी मधल्या खुर्चीवर लॅपटॉप मांडला होता. निघताना मुलाच्या वडिलांनी त्या काळ्या स्क्रीनलाच नमस्कार केला. लग्न ठरलं. आनंद झाला, खूप झाला. पण चिमी हो म्हणाली तेव्हा मी आरशासमोर शिस्तीवर बोलत होतो. फार वाईट वाटतंय.

२८ ऑक्टोबर
चिमीला विचारलं, लग्न किती वाजता ठेवताय? म्हणाली, बाबा, तुम्हाला वेळ सांगायचीच नाही असं ठरलंय. तुम्हाला आदल्या दिवशीच हॉलवर आणून बसवणार.
यावर घरात सगळ्यांचं एकमत झालं म्हणे. ही सूचना मुलाच्या वडिलांची होती.