शिक्का मारलेलं इंटरनेट

२ जुलै २००७
हिंगोलीचे तीन दिवसांचे कॉम्प्युटर ट्रेनिंग संपले. आज साखऱ्याला परत. सर्टिफिकेटवर आडनाव चुकले आहे, पण फोटो माझाच. आसपासच्या शाळांत इंटरनेट कळणारा मास्तर आता मी एकटा. सातवीच्या पोरांना नेटवरची खरी माहिती कोणती, खोटी कोणती, हे शिकवायचेच. त्याचा प्रकल्प तालुक्याला पाठवायचा. आदर्श शिक्षक पुरस्काराचा अर्जही आणून ठेवतो.

५ जुलै
शाळेत कॉम्प्युटर आहे, फोन नाही. दिवसभर लोडशेडिंग. हरकत नाही. पोरांनी प्रश्न लिहून द्यायचे, मी शनिवारी हिंगोलीच्या सायबर कॅफेतून उत्तरांचे प्रिंट आणायचे. फळ्यावर नियम लिहिले. एक : कोणी लिहिले ते बघा. दोन : दुसऱ्याकडूनही खात्री करून घ्या. तीन : शेवटपर्यंत वाचा.
सगळ्यांत चांगला प्रश्न कोमलचा. पावसाळ्यात मेंढरं हगतात, खंगतात, त्याला औषध काय? तिचा बाप सोनाजी मेंढरे राखतो. दसऱ्यापर्यंत कळप नीट राहिला तर पोरीला आठवीला सेनगावच्या होस्टेलवर ठेवीन म्हणाला आहे. नाही राहिला तर शाळा बंद.

७ जुलै
कॅफेत वीज दोनदा गेली. तरी सापडले! परदेशी विद्यापीठाचे पान, इंग्रजीत, वर पांढऱ्या कोटातला डॉक्टर. याहून विश्वसनीय काय असते? पोटातल्या जंतांवर मोरचुदाचे औषध. पाने दोन होती. दुसऱ्यावर नुसत्या सूचना. बस सुटत होती, घेतले नाही.

८ जुलै
भाषांतर केले. मजकूर गाईगुरांबद्दल होता. पुढे ‘व मेंढ्यांनाही’ एवढे मी घातले, नाहीतर कोमलला काय उपयोग? मेंढी काय जनावर नाही?
बायकोने, सत्यशीलाने, विचारले, इंटरनेटवरचं सगळं खरं असतं का हो? म्हटले, सगळे नसते, मी आणलेले असते. ती उठून भाकरी थापायला गेली. पटले असावे.

९ जुलै
आज डोके चालले. मार्कमेमोच्या झेरॉक्सवर मारायचा ‘सत्यप्रत’ शिक्का हेडसरांच्या ड्रॉवरमध्ये नुसता पडून असतो. सगळ्या प्रिंटवर आणि भाषांतरावर मारला. खाली माझी सही. मेंढरांचा कागद कोमलला घरी न्यायला दिला. काय भारी दिसते!
कोमलने विचारले, सर, दुसऱ्याकडून खात्री कवा करायची? म्हटले, शिक्का बसल्यावर गरज नसते. तिने वही मिटून ठेवली. शिस्त सुधारत आहे.

१७ जुलै
सोनाजी रस्त्यात भेटला. मेंढरे हगायला लागली म्हणे. जनावरांचा डॉक्टर गुरुवारी येऊन राहिला, कोमल म्हणते तवर थांबा, पर तुमच्या कागदावर तर शिक्का हाय, मग थांबू काहून, असे विचारत होता. मी म्हणालो, डॉक्टर म्हणजे एक माणूस, इंटरनेट म्हणजे अख्खे जग. तो हात जोडून गेला. वाक्य छान जमले. अर्जात घालायचे.

२० जुलै
मेंढरे मेली. निम्मी काल, बाकीची आज सकाळी.
जाऊन आलो. कोमलची आई नर्मदाबाई मांडीवर कोकरू घेऊन त्याला पाणी पाजत होती. ते केव्हाच मेले होते, पण तिला कोणी सांगत नव्हते. डॉक्टर म्हणाले, मोरचूद मेंढीला विष, कोणत्या शहाण्यानं दिलं? सोनाजीने कागद पुढे केला. डॉक्टरांनी आधी शिक्का बघितला, मग मला. माझा तास होता म्हणून निघालो.
औषध जास्त पाजले असेल. पाणी कमी घातले असेल. या लोकांना मापाचे काही कळत नाही. सत्यशीलाने ताट वाढले, मी तसेच ठेवले.

२१ जुलै
हिंगोलीला जाऊन तेच पान उघडले. दुसऱ्या पानावर पहिलीच ओळ : मेंढ्यांना देऊ नये, दगावतात.
पुन्हा वाचली. म्हणजे वेबसाइट विश्वसनीयच होती. माझी निवड चुकलेली नाही. एवढे तर सिद्ध झाले.
बसमध्ये ओळखीचे भेटले. झोप लागल्यासारखे केले.

२५ जुलै
पुरस्काराचा अर्ज भरायला घेतला. ‘विद्यार्थ्यांच्या जीवनावर झालेला परिणाम’ असा एक रकाना आहे. तो नंतर भरू.

२७ जुलै, शुक्रवार
सोनाजी कोमलला घेऊन दाखला न्यायला आला. ती हट्ट्याला मामाकडे राहणार. तिथे शाळेत जाशील ना, विचारले. सोनाजी दाराबाहेर बघू लागला. कोमल म्हणाली, मामाच्या म्हशी हायेत. दाखला आपला जवळ असू द्यावा.
हेडसर रजेवर, चार्ज माझ्याकडे. चांगल्या अक्षरात दाखला लिहिला. शिक्का उचलला तर सोनाजी म्हणाला, गुरुजी, तुमी नका मारू. रागावून नाही, हळूच म्हणाला. मी समजावले, अरे, हा गोल शिक्का शाळेचा आहे, तो वेगळा होता. त्याने मान हलवली आणि पोरीकडे बघितले. ती खाली बघत म्हणाली, सर, नियम दोन. दुसऱ्याकडून बी खात्री करून घ्यावी.
अख्ख्या वर्गात नियम पाठ झालेली ही एकटी.
म्हटले, हेडसर सोमवारी येतील. सोनाजी म्हणाला, थांबतो.
शाळा सुटली. कुलूप लावून मी घरी निघालो, तरी बापलेक व्हरांड्यात बसूनच होते.