कपाट उघडणार नाही

अलेक्झांड्रिया, ४ मार्च १९६३

चि. बहिगास रिफअतदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी रडली आणि मी चिडलो. जादूगारांच्या जुन्या कड्या, टोप्या, जाहिराती तू घरात भरत होतीस, तोवर मी हसत होतो. आता पालक म्हणतायत, गणिताच्या बाई जिन पाळतात, कारण शाळेच्या समारंभात तू कपाटातून एक मुलगी गायब केलीस. मुख्याध्यापिकाबाई म्हणतात, सगळ्यांसमोर युक्ती उघड करा, नाहीतर पार दक्षिणेत एदफूला बदली. मग कर की उघड. लाकडाच्या खोक्यापायी कोणी भरल्या घरातून उठून वाळवंटात जातं का? बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

हट्ट कमी कर, लोभ होता तेवढाच ठेव.

तुझा दादा

तांता, ७ मार्च

ती. दादास बहिगाचा सलाम वि. वि.

बाबांना मध्ये आणू नकोस. मी उघड करणार नाही.

हे कपाट फहीम जादूगारांचं. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी ते मला दिलं, पण आधी एका ताटात भाकरी-मीठ खायला लावलं. त्यानंतर दगा करत नाहीत, हे तुला मी काय सांगू. त्यांची मुलगी नजात आजही उरसात तशाच कपाटावर पोट भरते. मी इथे फळ्या काढून दाखवल्या, तर उद्या लोक तिच्या तंबूत बसून मोठ्याने युक्ती सांगतील. चार घाबरट आयांसाठी मी तिच्या तोंडचा घास काढू?

सोमवारी शाळेत निरीक्षकसाहेब येतायत. येऊ देत. वहिनीला म्हणावं, रडत बसण्यापेक्षा रव्याचा गोड बसबूसा पाठव. मागचा अर्धा मुंग्यांनी खाल्ला.

दोघांची माया असू दे.

बहिगा

तांता, १५ मार्च

ती. दादास सलाम.

तुझी तार पोचली. 'दाखवून टाक', एवढंच. नाही दाखवलं.

निरीक्षक शौकीसाहेबांना मी म्हटलं, जिन आहे का ते तुम्हीच आत शिरून बघा, पण आधी माझ्याबरोबर भाकरी-मीठ खा. त्यांनी हसत खाल्लं. काय करायचं ते मी कानात सांगितलं. दार लावून उघडलं, तर साहेब नाहीत. बघायला जमलेल्या आयांची बोबडी वळली. पुन्हा उघडलं, तर साहेब टाय नीट करत उभे. ते म्हणाले की आत जिन नाही, नामी सुतारकाम आहे. कसलं, ते मात्र सांगेनात. मुख्याध्यापिकांनी बाजूला घेऊन विचारलं, तरी म्हणाले, बाईंचं मीठ खाल्लंय.

मुख्याध्यापिकांना तो अपमान वाटला. बदलीचा हुकूम काल हातात पडला. साहेबांचंही वर काही चाललं नाही. मी घरी येऊन पोटभर रडले, मग पोटभर जेवले. तांता सोडताना जीव तुटतो, ते तुझ्यापासून कशाला लपवू. पण नजात या उरसात तंबू ठोकणार आहे.

कपाट मालगाडीने पुढे गेलंय. एदफूच्या मुलींना नव्या बाई दारातून येताना दिसणार नाहीत. घंटा झाली की मी कपाटातून बाहेर येईन आणि फळ्यावर पहिलं गणित घालीन.

राग गेला नसेल, तर रागाचं पत्र लिही, पण लिही.

तुझीच,
बहिगा