उजव्या कुशीतला खडा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. ९ एप्रिल १९७४

तीर्थस्वरूप महादेवी अक्काच्या पायांशी जगदेवीचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. गुलबर्ग्याला तुम्ही सगळे कसे आहात? भावजींचा गुडघा, तुझी अर्धशिशी, थोरल्या सुनेचं बाळंतपण, सगळ्याची चौकशी करते. (ही दुखणी तुझ्या शेवटच्या पत्रातली, म्हणजे सहा वर्षांपूर्वीची. सुनेचं बाळ एव्हाना शाळेत जात असेल.)

माझी प्रकृती उत्तम आहे. फक्त गेल्या महिन्यात सातवीला विज्ञान शिकवताना फळ्यावर मूत्रपिंडं काढत होते, आणि उजवं रंगवून होतंय तोच माझ्या उजव्या कुशीत अशी कळ उठली की मी खडूसकट खाली बसले. मुलींना वाटलं, बाई मूत्रपिंड कुठं असतं ते करून दाखवताहेत. (दोघींनी वहीत उतरवूनही घेतलं.) शेवटी आमच्या शाळेची शिपाईबाई निंगव्वा धावत आली आणि तिनं मला टांग्यात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता? मी म्हणाले, दोन कप चहा. त्यांनी पुन्हा विचारलं, तशी निंगव्वाच म्हणाली, "बाई शाळंत पानी पीतच न्हाईत की. पिऊन जायाचं कुटं?"

खरं होतं ते. शाळेत बायकांचा संडास आहे, पण मी लागल्यापासून अठरा वर्षं त्याला कुलूप आहे. आत मुख्याध्यापक महिपती सरांनी नकाशे ठेवलेत, कारण त्यांच्या मते शाळेत तेवढीच एक जागा कोरडी आहे. (वापरू दिलंच नाही तर कोरडी राहणारच.) त्यामुळे सकाळी दहा ते साडेपाच मी घसा कोरडा ठेवायला शिकले. सोलापूरच्या उन्हात, अक्का. तुला आठवतं, लहानपणी तू रांजणातून तांब्या भरून आणायचीस, अर्धा आपण पिऊन अर्धा माझ्या हातात द्यायचीस आणि मी संपवीपर्यंत समोर उभी राहायचीस? तसं उभं राहणारं आता कुणी नाही.

तर डॉक्टरांनी एक मोठी तपकिरी बाटली दिली. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, पुढं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सगळी त्यात साठवायची, थेंबही बाहेर जाता कामा नये. नेमके त्याच दिवशी शाळेत इन्स्पेक्टर यायचे होते, रजा बंद. मी बाटली पिशवीत घालून गेले आणि महिपती सरांकडे किल्ली मागितली. ते कारण विचारू लागले. मी पिशवीतून बाटली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. (रिकामी होती, पण त्यांनी तेवढं पाहिलं नाही.) त्यांनी किल्ली दिली. निंगव्वानं आशिया, आफ्रिका, सगळी खंडं बाहेर काढून व्हरांड्यात टांगली. इन्स्पेक्टरांना वाटलं भूगोलाचं प्रदर्शन आहे. त्यांनी सरांच्या कल्पकतेबद्दल शेरा लिहिला. आता ते नकाशे व्हरांड्यातच राहतात आणि कुलूप गेलं. अठरा वर्षांत माझ्या हातून झालेलं हे एवढंच मोठं काम.

बाटलीत मात्र चोवीस तासांत जेमतेम अर्धा लिटर जमलं, तेही काळ्या चहाच्या रंगाचं. मी मुलींना आजवर शिकवत आले की मूत्रपिंड म्हणजे चहाची गाळणी. डॉक्टर म्हणाले, अर्धंच खरं. रक्त तिथून पुन्हा पुन्हा फिरतं आणि दिवसाला दीडशे लिटरांच्या वर पाणी गाळलं जातं, त्यात साखर, क्षार, घाण सगळं एकत्र. मग पुढच्या बारीक नळ्या त्यातलं जवळजवळ सगळं पाणी आणि कामाचं सगळं परत रक्तात घेतात. उरल्या थोड्या पाण्यात घाण पिळून बाहेर टाकतात. तुम्ही पाणीच दिलं नाहीत, तर ती बिचारी किती घट्ट पिळणार? क्षार विरघळायला पाणी पुरेना, त्यांचा खडा झाला.

मी विचारलं, "परत घ्यायचंच असतं, तर आधी सगळं सोडायचं कशाला?"

ते म्हणाले, "वाईट तेवढं एकेक शोधून काढणं अवघड, बाई. सगळं सोडून द्यायचं आणि आपलं तेवढं ओळखून परत घ्यायचं, हे सोपं."

घरी आले तरी डोक्यात तेच. आईच्या बोरमाळेवरून मी तुला जे बोलले, आणि तू न जेवता सकाळची गाडी धरलीस, ते आठवत होतं. तीन तासांची गाडी. सहा वर्षं झाली. अजून कडक भाकरी करायला बसले की हात दोघींपुरतं पीठ घेतात.

असो. खडा गोळ्यांनी आणि पाण्यानं जाईल. तू काळजी करू नकोस, मुद्दाम यायचं तर मुळीच कारण नाही. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी,
जगदेवी

ता. क. गोळ्यांनी जाईल हे डॉक्टर म्हणाले नाहीत, मी म्हणते. ते म्हणाले, खडा बोराएवढा आहे, कापून काढावा लागेल. सोमवार, ता. २२.

आणखी ता. क. दवाखान्याच्या कागदावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. निंगव्वा अंगठा द्यायला तयार होती. कारकुनानं नातं विचारलं, तर ती म्हणाली, "शाळंतलं." ते चाललं नाही. मी तुझं नाव घातलंय. पुढं सही राहिली आहे.

शेवटचं. मराठीत 'ये' लिहून पाहिलं. पाहुण्याला लिहिल्यासारखं वाटलं, म्हणून खोडलं. आपण घरात कानडीत म्हणायचो तसंच लिहिते. बा, अक्का.