उसना गळा

२९ जानेवारी २०२३
आज बेंगळुरूतच, बसवनगुडीत लग्नाचं जेवण. पंगतीत बसले आणि शेजारच्या पानावर कोण — तर राजलक्ष्मी! एकसष्ट सिनेमे केले मी. एकसष्टांतही तोंड माझं आणि आवाज या बाईचा. उठून तरी कुठे जाणार? पान वाढलेलं होतं, पुरणाची होळिगेसुद्धा.

तिने वाढप्याला हाक मारली, "होळिगेवर जरा तूप वाढा हो." एवढंच. दहा-बारा माना वळल्या — तिच्याकडे नाही, माझ्याकडे! तो म्हातारा वाढपी तुपाचं भांडं घेऊन सरळ माझ्यापुढे. "वसुमती मॅडम, आवाज अजून तस्साच हो तुमचा! आमची बायको त्या आवाजावर रडायची." आणि माझ्या होळिगेवर धार धरली.

राजलक्ष्मी खाली मान घालून हसत होती. म्हणाली, "घे ग. इतकी वर्षं माझ्या आवाजाचं खाल्लंस, तूप कशाला सोडतेस?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलले काही नाही. चारचौघांत न बोलायची सवयच लागलीय.

३० जानेवारी
कालचं डोक्यातून जात नाही.

त्र्याऐंशी साली किनाऱ्यावरच्या कुंदापूरकडून आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पहिल्या सिनेमाच्या वेळी मास्तरांपुढे — दिग्दर्शकाला सगळे मास्तरच म्हणायचे — चार वाक्यं म्हटली. सगळा सेट खो खो हसला. "अरे, ही राजकन्या आहे की बांगडे विकायला आलीय?" त्यांना म्हैसूरकडची गुळगुळीत कन्नड हवी होती. राजलक्ष्मीला बोलावलं. तिने दोन दिवसांत सगळं बोलून टाकलं. सिनेमा पंचवीस आठवडे चालला आणि मी कायमची मेले!

कारण गांधीनगरातल्या, आमच्या सिनेमावाल्यांच्या पेठेतल्या, निर्मात्यांचं एक असतं — जे जुळून आलं ते बदलायचं नाही. मुहूर्ताला लिंबू, नारळ आणि वसुमतीला राजलक्ष्मी. पुढे मी त्यांची ती गुळगुळीत भाषा शिकले. स्वच्छ! तरी नाही. "कशाला विषाची परीक्षा मॅडम? आणि समारंभात बोलू नका हं. नुसते हात जोडा. लोकांचा भ्रम फुटेल." हात जोडून जोडून पेपरात माझं नाव 'विनयशील वसुमती' पडलं. विनयशील म्हणे!

१६ फेब्रुवारी
अडिग नावाचा दिग्दर्शक आला होता. तरुण आहे. आमच्याच भागातला. किनाऱ्यावरच्या एका आईची गोष्ट, सगळी आमच्या कुंदापूरच्या बोलीत. "आता सगळ्यांना हीच बोली हवीय मॅडम. आणि आवाज तुमचाच. पहिल्यांदा."

कॉफी आणते म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून रडले. चाळीस वर्षं याचीच वाट बघत होते. एकदा, मरायच्या आधी एकदा, माझं मी बोललेलं लोकांनी ऐकावं. बाकी काही नको.

१७ फेब्रुवारी
होकार कळवला. नायिका असताना आठ-आठ दिवस झुलवायचे मी!

२१ मार्च
मरवंतेच्या किनाऱ्यावर शूटिंग. माझा मुलगा झालेला नट माझ्याहून सहाच वर्षांनी लहान. एकदा नायक होता माझा. झाडांभोवती पळून माझी कंबर धरायचा, आता पाया पडतो. केस मात्र त्याचे अजून काळे! कुणी काही म्हणत नाही.

लाटांमुळे इथलं बोलणं कामाचं नाही. संवाद मागाहून बेंगळुरूला, स्टुडिओत. गिरिजक्का गावाहून बांगड्याची आमटी आणि उकडा भात घेऊन आली. मोठी बहीण, त्यामुळे भरवायचीच बाकी होती. तीच एक मला अजून जलजा म्हणते.

२४ एप्रिल
स्टुडिओत पहिला दिवस. कानाला हेडफोन, समोर पडद्यावर मी. बोलले. काचेपलीकडे अडिगने बोट फिरवलं — परत. पुन्हा बोलले. पुन्हा. चौदा वेळा!

"मॅडम, सुंदरच. पण जरा... आपल्या गावचं येऊ द्या."

"अहो, मी जन्मले तिथे!"

"हो मॅडम. पण ऐकताना वाटतंय, म्हैसूरची कुणी बाई आपली नक्कल करतेय."

२५ एप्रिल
आजही तेच.

सकाळी गिरिजक्काला फोन लावून तेच संवाद म्हणून दाखवले. तिने पुन्हा एकदा म्हणायला लावले. मग म्हणाली, "जलजा, रागावू नको. पण ही ती सिनेमातली बाई बोलतेय ना ग?"

फोन आपटला.

२६ एप्रिल
लिहूनच टाकते. हे कुणी केलं नाही, मी केलं. रस्त्यात, दुकानात कुणी बोलायला लावलंच तर बिंग फुटू नये म्हणून राजलक्ष्मीसारखं बोलायला शिकले. घरी, आरशासमोर, कॅसेट लावून. तिने श्वास कुठे घेतला तेसुद्धा. पाच वर्षं! कुणी सांगितलं नव्हतं. ज्या गळ्याचा एवढा द्वेष केला तोच माझ्यात जाऊन बसला, आणि माझा कधी निघून गेला ते कळलंही नाही.

८ मे
अडिग आला. हातात फळांची टोपली. फळं आणली तेव्हाच ओळखलं. "आपल्या कुंदापूरजवळच्या गंगोळ्ळीची एक बाई आहे मॅडम. पूर्णिमा पूजारी. अंगणवाडीत शिकवते. एकदा ऐकून तर बघा."

मी म्हटलं, "फळं घेऊन जा."

१५ मे
गेले. काचेमागे बसून ऐकलं.

आई! माझी आई मासे निवडताना अशीच करवादायची. तोच हेल, तसंच शब्द अर्धवट गिळणं. माझं पडद्यावरचं तोंड पहिल्यांदा खरं वाटलं. मी हुंदके देऊन रडत होते आणि त्या पोरीचा गळा दाबावासाही वाटत होता. दोन्ही खरं.

मधल्या सुट्टीत ती पाया पडली. "अम्मा, चुकलं तर थोबाडीत मारा, पण सांगा." मग घुटमळली. "सिनेमात माझं नाव येईल ना हो? सासूला दाखवायचंय. ती म्हणते, आवाजाचं सोंग करून कुणाचं भलं झालंय!"

"येईल," म्हटलं. "मी बघते."

मनापासून म्हटलं. कारण एक्याण्णव साली राजलक्ष्मीनेही नाव मागितलं होतं. निर्मात्याने मला विचारलं, लावू का? मी नको म्हणाले. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

२३ सप्टेंबर
काल सिनेमा लागला. नावांच्या यादीत तंबूवाला आहे, जेवणवाला आहे, गाड्यांचे ड्रायव्हर आहेत. पूर्णिमा नाही.

निर्मात्याकडे जाऊन भांडले. चांगला अर्धा तास. त्याने ऐकून घेतलं आणि पेपर पुढे सरकवले. 'वसुमती अखेर बोलल्या!' 'चाळीस वर्षं कुठे लपवला होता हा आवाज?' "आता खुलासा केला तर तुमचंच हसं होईल मॅडम. जरा थांबू."

मी पेपर घरी घेऊन आले. तीनदा वाचले.

२५ सप्टेंबर
राजलक्ष्मीचा फोन. "बघितला ग. कोण आहे ती?"

"कोण ती?"

"माझ्यापुढे नको. तुझ्या ओठांवर उभा जन्म काढलाय मी. तू कधी श्वास घेतेस ते तुला नाही, मला ठाऊक. त्या पोरीचं नाव लाव बाई. माझं राहिलं ते राहिलं."

"लावणार आहेत," म्हटलं. तिच्याच आवाजात.

९ ऑक्टोबर
भाजीवाली रडली. "अम्मा, माझी आईच बोलली तुमच्या तोंडून." थिएटरात शिट्ट्या. एका कॉलेजात चक्क भाषणाला बोलावलंय. मला! भाषणाला!

पूर्णिमाचे तीन फोन येऊन गेले. उद्या करीन.

३० ऑक्टोबर
गिरिजक्का म्हणाली, "आता कशी बोललीस बघ! आईच ऐकल्यासारखं झालं." खरं सांगणार होते. तिला तरी. पण ती रडायला लागली, मग मीही रडले.

१८ डिसेंबर
पुरस्काराचा अर्ज आला. निर्मात्याचा माणूस पेन उघडून उभा. एक रकाना अभिनेत्रीने स्वतःच्या हाताने भरायचा — 'संवाद कोणाच्या आवाजात?'

'स्वतःच्या,' असं लिहिलं. अक्षर छान आलं.